मफलरचं प्रस्थान

आमचं मस्कतजवळच्या सीबचं घर विमानतळाच्या इतकं जवळ आहे की उतरणाऱ्या विमानाची चाकं गॅलरीतून मोजता येतात. घर दाखवताना दलालानं नेमकं हेच सांगितलं नव्हतं, आणि पहिले सहा महिने मी त्याला रोज मनातल्या मनात शिव्या घातल्या. बाबांना मात्र घर आवडलं ते त्याचसाठी. ते सांगलीच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या आणि स्वतः फारसे कुठं गेले नाहीत. आई गेल्यावर मी त्यांना मस्कतला घेऊन आले, तेव्हा ते ऐंशीचे होते. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि आत मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "हे कोचीचं. सात मिनिटं लेट."

त्यांना एकच भीती होती आणि ती ते लपवत नसत. आईनं दवाखान्यात प्राण सोडला तेव्हा ते खाली चहा आणायला गेले होते आणि मी इथं, मस्कतमध्ये होते. ती एकटीच गेली. बाबांच्या हृदयाची झडप खराब झाली होती, आणि या वयात ऑपरेशन नको असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "केव्हा जायचं ते जाईन. पण तू घरी नसताना जायला नको."

मी लग्न केलं नाही, त्याची कारणं इथं सांगत बसत नाही. घरात आम्ही दोघंच. खालच्या मजल्यावर मालवणकडचं एक कुटुंब राहतं. तिथल्या वहिनी दुपारी बाबांना आमटी आणून देत आणि त्यांचं एसटीपुराण न कंटाळता ऐकत. ते माझ्याच्यानं होत नसे. मी तिसऱ्या वाक्याला फोन हातात घ्यायची.

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात मी काम करते. आमचे मोठे पंप युरोपात बनतात, आणि ते जहाजावर चढण्याआधी आमच्यापैकी कुणीतरी कारखान्यात जाऊन चालवून बघायचे असतात. नेहमी जाणाऱ्या सहकाऱ्याच्या घरी बाळंतपण निघालं आणि माझा नंबर लागला. साहेब ओमानी, कमी बोलणारे. म्हणाले, "जा, पंप बघ, सही कर, ये. तीन दिवस. खलास." तपासनीसाला बिझनेस क्लासनं न्यायचं असं करारातच होतं. मी आजवर कधी पडद्याच्या पुढं बसले नव्हते. मनातून खूश झाले, आणि तसं बाबांना सांगूनही टाकलं.

ते म्हणाले, "मी येऊ का?"

"बाबा, मी कामाला चाललेय, सहलीला नाही. आणि व्हिसाला महिना जातो."

"बरं," ते म्हणाले. तो विषय तिथंच संपला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचांग काढलं. माझं निघणं नेमकं अमावस्येला येत होतं. मी म्हटलं, विमान कंपनीला अमावस्या कळत नाही. ते म्हणाले, तिला नसेल कळत, आपल्याला कळते. मग त्यावर तोडगा निघाला तो प्रस्थानाचा. आजकाल कुणी ठेवत नाही म्हणून सांगते. जायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या एखाद्या चांगल्या वेळेला प्रवाशाचं एखादं वस्त्र, त्यात चार दाणे तांदूळ आणि सुपारी असं गाठोडं बांधून शेजाऱ्यांकडं ठेवायचं. म्हणजे माणूस त्या मुहूर्तावरच निघाला असं धरतात. पुढं खरोखर जाताना गाठोडं उचलायचं, बरोबर न्यायचं आणि बरोबर परत आणायचं. "अर्ध्या वाटेत टाकायचं नाही," बाबांनी बजावलं. "प्रस्थान अर्ध्यात राहिलं तर माणूसही अर्ध्यात राहतो."

मी वैतागून एक जुनी ओढणी त्यांच्या हातात दिली. चार दिवस आधी, सकाळी नऊ वाजून काही मिनिटांनी, त्यांनी स्वतः गाठोडं बांधलं आणि जिना उतरून वहिनींच्या देवाजवळ ठेवलं. मी तेव्हा ऑफिसात होते.

ते चार दिवस मला घरात बरं वाटत नव्हतं. शास्त्राप्रमाणे मी निघून गेले होते आणि तरी भाजी चिरत होते. असलं काही मी मानत नाही. पण बाबा चार दिवस माझ्याशी फारसं बोलले नाहीत, जाता येता नुसते हसायचे. एरवी त्यांना गप्प बसवावं लागे.

निघायच्या दिवशी वहिनींनी गाठोडं हातात दिलं. "ताई, तुमी बिनघोर जावा. काकांचा जेवाणखान मी बगतंय." गाठोडं पंच्यात घट्ट बांधलेलं होतं. ओढणीच्या मानानं जड लागलं, पण टॅक्सीवाला खालून "यल्ला, मॅडम" म्हणत घाई करत होता. मी ते खांद्यावरच्या बॅगेत कोंबलं.

मस्कतहून मोठं विमान, सात तास, ते झोपेत गेले. सांगण्यासारखं पुढं सुरू झालं. युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर उतरून मला उत्तरेकडच्या लहान शहराला जायचं होतं. मध्ये तीन तास होते, म्हणून लाउंजमध्ये गेले. दारातल्या यंत्रावर बोर्डिंग पास ठेवला. ते एकदा वाजलं, आणि मी पास उचलल्यावर पुन्हा वाजलं. काउंटरवरच्या बाईनं माझ्या खांद्यामागं बघितलं आणि हसून म्हणाली, "तेही येऊ शकतात."

मी मागं वळून बघितलं. मागं काचेचं दार होतं आणि ते हळूहळू बंद होत होतं.

"मी एकटी आहे," मी म्हटलं.

"ओह," ती म्हणाली, आणि पडद्यावर बघून तिनं काहीतरी खोडलं.

लाउंज म्हणजे काय असतं याची मला फार उत्सुकता होती. पन्नासेक माणसं होती आणि कुणाचाही आवाज नव्हता. गालिचा इतका जाड की स्वतःची पावलंही ऐकू येत नव्हती. माणसं उठून जात आणि त्यांच्या जागी तसलीच दुसरी माणसं येऊन बसत. मी चीज आणि ब्रेड घेतला. शेजारच्या खुर्चीत बॅग ठेवली होती. एक वेटर आला, त्यानं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि दुसरा बॅगेसमोर. मी तो तसाच राहू दिला. दरवेळी मी एकटी आहे असं सांगत फिरण्याचा मला मनापासून राग येतो, आणि त्या दिवशी तेच चाललं होतं.

युरोपातल्या युरोपात बिझनेस क्लास म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. खुर्च्या त्याच, गुडघे तिथंच आपटतात. फरक इतकाच की तिघांच्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी ठेवतात आणि तिच्यावर एक छोटं टेबल पाडतात. म्हणजे जादा पैसे घेऊन आपल्याला शेजारी नसणं विकतात. मी खिडकीशी होते. पलीकडचा माणूस बसल्याबरोबर डोळ्यांवर पट्टी ओढून झोपला. बॅग वर ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून मी त्यातून गाठोडं काढून मधल्या टेबलावर ठेवलं आणि बॅग पायाशी सरकवली.

विमान वर गेल्यावर एक तरुण कर्मचारी चिमट्यानं गरम टॉवेल वाटत आला. एक त्यानं मला दिला आणि एक मधल्या टेबलावर, गाठोड्याशेजारी ठेवला.

"तिथं कुणी नाही," मी म्हटलं.

"अर्थातच, मॅडम," तो म्हणाला आणि टॉवेल तसाच ठेवून पुढं गेला.

मी तोंड पुसून टॉवेल चोळामोळा करून टाकला आणि थोडा वेळ ढगांकडं बघत बसले. परत नजर वळवली तेव्हा मधला टॉवेल उघडून, वापरून, चौकोनी घडी घालून ठेवलेला होता. पट्टीवाला माणूस घोरत होता. मी हात लावून बघितला. टॉवेल गार आणि ओला होता. जेवल्यावर बाबा नॅपकिनची अशीच घडी घालतात. मग मी स्वतःला दटावलं की इंजिनिअर बाई आहेस, बावळटपणा करू नकोस, आणि उतरेपर्यंत मधल्या खुर्चीकडं बघितलं नाही.

हॉटेल विमानतळाला चिकटूनच होतं, काचेच्या पुलावरून पाच मिनिटांवर. स्वागताला असलेल्या मुलीनं दोन किल्ल्या दिल्या. "सांगितल्याप्रमाणे दोन खाटांची खोली." मी असं काही सांगितलं नव्हतं, पण पहिल्या मजल्यावर खोली होती, गरम पाणी होतं, आणि मला भांडायचं त्राण नव्हतं. उन्हाळा होता. त्या भागात तेव्हा संध्याकाळ संपतच नाही. जेवून आले तरी बाहेर तसाच पांढरा, सावल्या नसलेला उजेड होता. खिडकीतून धावपट्टीची कड दिसत होती आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी पिशवी. वारा पडला होता तरी पिशवी भरलेली होती.

गाठोडं टेबलावर ठेवायला गेले आणि मला त्यातून अमृतांजनाचा वास आला. माझ्या ओढणीला तो यायचं कारण नव्हतं. गाठ सोडली. आत बाबांचा तपकिरी मफलर होता. डेपोत पहाटेच्या गाड्या सोडताना गुंडाळायचे तो. घड्या घालून, मधोमध चार दाणे तांदूळ आणि सुपारी. ओढणी नव्हतीच.

मी फोन लावला. तिकडं दोन तास पुढं, पण ते जागे होते. लगेच उचलला.

"बाबा, हे काय आहे?"

"उघडलंस का?" त्यांचा आवाज खुशीत होता. "तिकडं थंडी असते म्हणून मफलर घातला."

"प्रस्थान माझं होतं ना? माझी ओढणी कुठंय?"

"तुझ्या कपाटात. अगं, तू नोकरीवाली बाई, तुला कुठल्या अमावस्येचं काय होतंय? मुहूर्त चांगला होता. म्हटलं, आपणच निघावं. तू तिकडं आणि मी इथं, असं मध्येच काही झालं तर? त्यापेक्षा बरोबरच असलेलं बरं."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी रागावते. "काहीतरी बोलू नका. कुठं जायचं नाहीये तुम्हाला. गोळ्या घेतल्या का?"

"घेतल्या. चांगलं चाललंय माझं. ती केशरी पिशवी बघतोय मघापासून. वारा नाही आणि फुगलीय कशी?"

मी खिडकीकडं बघितलं. त्यांना फोटो पाठवला होता का, ते तपासलं. नव्हता पाठवला. सीबच्या गॅलरीतून अशी पिशवी दिसत असेल, मी म्हटलं स्वतःला. दिसत नाही. सहा वर्षं मी त्या गॅलरीत कपडे वाळत घालतेय.

मी फोन ठेवला. काय करावं सुचेना. मग मफलर पुन्हा पंच्यात बांधला आणि पलीकडच्या खाटेवर, उशीशी ठेवला. टेबलावर ठेवणं बरं वाटेना. खरं सांगायचं तर त्यानंतर मला भीती वाटायची थांबली. पुढचे दोन दिवस पंप चालला, मी कंपनं मोजली, आकडे लिहिले, आणि खोलीवर आल्यावर मोठ्यानं सांगितलं की आज काय काय झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांशी दिवसभराचं बोलले आणि मध्ये फोन हातात घेतला नाही. सकाळी पलीकडच्या खाटेची चादर दबलेली असायची. मी ती नीट करायची आणि कामाला जायची.

परतीचं विमान सकाळी आठचं होतं. मोठ्या विमानतळावर बदलून संध्याकाळी सातला मस्कत. बाबांना वेळ पाठ होती. मी लवकर उठले, घाईत बॅग भरली, पूल ओलांडला, तपासणी झाली, लाउंजमध्ये कॉफी घेतली. चार्जर काढायला बॅगेत हात घातला तेव्हा कळलं. गाठोडं खाटेवर, उशीखाली राहिलं होतं.

विमानाला पन्नास मिनिटं होती. मी बाबांना फोन केला. त्यांना का केला? दुसरं कुणाला विचारणार होते?

"बाबा, मफलर हॉटेलात राहिला."

त्यांना श्वास लागल्यासारखा ऐकू येत होता. "राहिला तर राहू दे," ते म्हणाले. "तू ये."

"अर्ध्यात टाकायचं नसतं, तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो असेन. तू ये गं."

मी फोन बंद केला आणि उलट दिशेला पळाले. मी, जिला अमावस्या कळत नाही. त्या क्षणी मला खात्री होती की बाबा सीबमध्ये नाहीत, त्या खाटेवर आहेत, आणि मी त्यांना एका अनोळखी देशात सोडून विमानात बसणार आहे. बाहेर पडायचा रस्ता वेगळा होता, तो सापडायलाच वेळ गेला. खोली तोवर आवरून झाली होती. दोन्ही खाटांवर नव्या चादरी, कडा ताठ. स्वागताच्या मुलीनं खाली फोन केला, मग मला तळघरात पाठवलं. तिथं धुलाईच्या यंत्रांच्या आवाजात एका वयस्कर बाईनं फळीवरून गाठोडं काढून दिलं. त्यावर तिनं चिठ्ठी लावली होती. मला त्यांची भाषा येत नाही. मी विचारलं, काय लिहिलंय? तिनं तुटक इंग्रजीत सांगितलं, "खोलीतल्या आजोबांचं."

ते ऐकून मला बरं वाटलं. हे सांगायची लाज वाटते, पण तसंच झालं.

परत येईपर्यंत विमानाचं दार लागलं होतं. दुसरं विमान दुपारी होतं, आणि मस्कतचं पुढचं थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. मी बाबांना कळवलं. "मिळाला मफलर. पण विमान गेलं. उद्या येते."

ते म्हणाले, "मफलरसाठी गाडी सोडलीस?"

पस्तीस वर्षं गाड्या सोडलेल्या माणसाचा तो आवाज होता. मी काहीतरी हसण्यावारी नेलं.

ती रात्र मोठ्या विमानतळाजवळच्या हॉटेलात काढली. गाठोडं छातीशी धरून झोपले. सकाळी लाउंजच्या दारात पास ठेवला तर काउंटरवर तीच बाई होती, जाताना भेटलेली. तिनं माझ्या खांद्यामागं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आज एकट्याच?"

मी तिथंच उभी राहिले. मागून येणारे लोक मला वळसा घालून आत जात होते. फोन वाजायला अजून दहाएक मिनिटं होती. पण ती दहा मिनिटं मी फोन हातात धरून, त्याच्याकडं बघत काढली. वाजला तो वहिनींचा होता. सकाळचा चहा घेऊन वर गेल्या तर बाबा गॅलरीतल्या खुर्चीत होते. चहा द्यायला हाक मारली, तर ओ दिली नाही.

पुढचं सगळं जसं होतं तसं झालं. साहेबांनी कागदपत्रं धावून जाऊन केली. सांगलीहून भाऊबंदांचे फोन आले. तेरा दिवस वहिनींनी मला एकटीला जेवू दिलं नाही. त्यांच्याकडूनच मला कळलं की आदल्या संध्याकाळी, सातच्या विमानाच्या वेळेला, बाबा स्वच्छ शर्ट घालून गॅलरीत येऊन बसले होते. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा वहिनींना म्हणाले, "आली. वेळेवर आहे." वहिनींनी सांगितलं, काका, ताई उद्या येणार. तर म्हणाले, "माहीत आहे." आणि उठले नाहीत. दोन तास फाटकाकडं बघत बसून राहिले.

मग वहिनींनी भीतभीत विचारलं, "ताई, एक दिस उशीर कित्याक झालो?"

मी म्हणाले, "विमान चुकलं."

साहेबांना तेच सांगितलं, भाऊबंदांना तेच. सगळे म्हणाले, नशीब, दुसरं काय. कारखान्याला उशिराचं कारण लिहून कळवायचं होतं, त्यातही मी तेच लिहिलं. विमान चुकलं नव्हतं. ते दारात उभं होतं, माझी जागा तयार होती, आणि बाबा म्हणाले होते, तू ये.